जेनोडवर वायफाय तुटते, मॉनिटर 1024×768 वर अडकतो: ड्रायव्हरमध्ये हात नेमका कुठे घालायचा

प्रश्न थोडक्यात असा: जेनोड या, छोट्या स्वतंत्र कॉम्पोनंटांतून (प्रोग्रामांतून) ऑपरेटिंग सिस्टिम उभारण्याच्या चौकटीवर उभी असलेली स्कल्प्ट ओएस इंटेलच्या लॅपटॉपवर चालवली आहे. वायफाय जोडले जाते, पण अधूनमधून तुटते. डिस्प्लेपोर्टने लावलेला मॉनिटर ओळखला जातो, पण 1024×768 च्या वर जात नाही. सी येते, लिनक्स कर्नलची ओळख आहे, जेनोड मात्र नवे आहे. ड्रायव्हर सुधारायचे तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात ड्रायव्हरच्या कोडपासून करू नका. तुमच्या मशीनवरचे हे दोन्ही ड्रायव्हर मुळात लिनक्सचेच आहेत: वायफायसाठी आयडब्ल्यूएलवायफाय, डिस्प्लेसाठी आय915. ड्रेस्डेनच्या जेनोड लॅब्सने ते जवळजवळ जसेच्या तसे उचलून, भोवती लिनक्स कर्नलचा पातळ आभास उभा करून, साध्या यूजर-स्पेस (कर्नलच्या बाहेरच्या) प्रोसेसमध्ये बसवले आहेत. या आभासाच्या थराला डीडीई म्हणतात, म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर एन्व्हायर्नमेंट. तेच कार्ड आणि तोच मॉनिटर लिनक्सवर नीट चालत असतील, तर बिघाड बहुतेक वेळा या थरात असतो. तो शोधण्याऐवजी आय915 मध्ये इकडेतिकडे विलंब घालत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वर आणखी तोटा असा, की लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीवर जाताना असा प्रत्येक पॅच (कोडमधला बदल) पुन्हा हाताने बसवावा लागतो.

म्हणून पहिली चाचणी जेनोडवर नाही, लिनक्सवर करा. तुमच्या जेनोड आवृत्तीतले पीसी ड्रायव्हर लिनक्सच्या कोणत्या आवृत्तीवरून घेतले आहेत ते पोर्ट फाइलमध्ये (बाहेरचा कोड कुठून आणायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहिलेले असते. नेमकी तीच आवृत्ती बिल्ड करा, पण वितरणाच्या भल्यामोठ्या कॉन्फिगने नको. टायनीकॉन्फिगपासून, म्हणजे कर्नलच्या सर्वांत लहान कॉन्फिगपासून, सुरू करा आणि जेनोडच्या बिल्डमध्ये जे पर्याय चालू केले आहेत तेवढेच चालू करा. बिझीबॉक्स या आटोपशीर आज्ञासंचाची छोटी इनिटआरडी (बूटवेळची तात्पुरती फाइल प्रणाली) जोडून यूएसबीवरून बूट करा. या तुटपुंज्या कर्नलवरही मॉनिटर 1024×768 वरच थांबला, तर एखादा कॉन्फिग पर्याय राहिला आहे आणि जेनोडचा काही दोष नाही. तो पूर्ण रिझोल्यूशनने चालला, तर आता तुमच्या हातात चांगल्या अवस्थेचा लॉग आहे. डीआरएम.डीबग (डीआरएम म्हणजे लिनक्सचा ग्राफिक्स थर) हे बूट पॅरामीटर 6 ठेवा. त्यात ड्रायव्हर आणि मोडसेटिंग (रिझोल्यूशन बसवणे) या दोन्हींचे संदेश येतात. हा लॉग जपून ठेवा. पुढचे बरेचसे काम म्हणजे हा लॉग आणि जेनोडवरचा लॉग शेजारी ठेवून वाचणे. दोघे जिथे पहिल्यांदा वेगळे होतात ती ओळ महत्त्वाची. त्यानंतरच्या चुका तिच्यातूनच निघालेल्या असतात.

आता मॉनिटरचेच घ्या. 1024×768 हा आकडा बोलका आहे. कनेक्टर जोडलेला आहे, पण मॉनिटरकडून ईडीआयडी (त्याच्या क्षमतांची माहिती) मिळाला नाही, अशा वेळी लिनक्सचा डीआरएम थर 1024×768 पर्यंतचे ठरीव मोड स्वतःहून यादीत घालतो. म्हणजे हॉटप्लग (केबल लावल्याची खूण) ओळखला गेला, केबलही बहुधा ठीक आहे, फक्त ईडीआयडीचे वाचन फसले. ईडीआयडीचा एक ब्लॉक 128 बाइटचा असतो. त्याची सुरुवात शून्य, सहा वेळा 255 आणि पुन्हा शून्य अशा आठ बाइटने होते, आणि सगळ्या 128 बाइटच्या बेरजेला 256 ने भागले की बाकी शून्य उरते. वाचलेला ब्लॉक लॉगमध्ये छापा. सुरुवातीचे बाइट बरोबर पण बेरीज चुकीची असेल, तर वाचन अर्ध्यात तुटले. सगळेच शून्य किंवा काहीच नसेल, तर व्यवहार सुरूच झाला नाही.

डिस्प्लेपोर्टवर हे वाचन ऑक्स नावाच्या बाजूच्या वाहिनीवरून होते. आय915 प्रत्येक ऑक्स व्यवहाराला 10 मिलिसेकंद देतो. जुन्या आवृत्त्यांत तो इंटरप्टची (हार्डवेअरच्या हाकेची) वाट पाहत झोपतो; नव्या आवृत्त्यांत ठरावीक अंतराने रजिस्टर वाचून व्यस्त बिट उतरला का ते बघतो. दोन्ही पद्धतींचा सगळा भरवसा घड्याळावर आहे, आणि डीडीईमध्ये घोटाळा व्हायची जागाही तीच.

डीडीईमध्ये लिनक्सचे सगळे कर्नल थ्रेड, वर्कक्यू (मागे ठेवलेल्या कामांच्या रांगा), टायमर आणि इंटरप्ट हँडलर जेनोडच्या एकाच थ्रेडमध्ये आळीपाळीने चालतात. डीडीईतल्या एलएक्स-किट या भागाचा शेड्यूलर एका टास्कवरून दुसऱ्यावर तेव्हाच जातो, जेव्हा चालू टास्क स्वतःहून थांबते. मधेच तिच्या हातून सीपीयू काढून घेणारे कोणी नाही. म्हणजे एखादा लूप शेड्यूल न करता नुसता फिरत राहिला, तर इंटरप्टचा सिग्नल दारात उभा असूनही आत येत नाही. शिवाय जिफीज हा लिनक्सचा वेळमोजक आपोआप वाढत नाही; तो जेनोडच्या घड्याळावरून मुद्दाम ताजा करावा लागतो. एखादी टास्क 40 मिलिसेकंद एकसलग चालली आणि नंतर जिफीज एकदम ताजे झाले, तर मागे वाट पाहणाऱ्या टास्कचे 10 मिलिसेकंद संपलेले दिसतात. तिचा इंटरप्ट तेवढ्या वेळात येऊन गेलेला असतो, पण हँडलर अजून चाललेला नसतो. ड्रायव्हर टाइमआउट नोंदवतो, दोनचार प्रयत्न करतो आणि ईडीआयडी सोडून देतो.

हे पकडायला ऑक्सच्या फंक्शनच्या आत आणि बाहेर पडताना वेळ छापा, आणि इंटरप्ट हँडलरमध्येही छापा. हँडलरची वेळ टाइमआउटच्या ओळीनंतर आली, तर निदान झाले. उपाय डीडीईच्या बाजूला करायचा: टाइमआउटचे टायमर तपासण्याआधी थांबलेले इंटरप्ट चालवले जातात का ते बघा, जिफीज कुठे ताजे होतात ते बघा, आणि केटाइम हे लिनक्सचे बारीक घड्याळ प्रत्येक वाचनाला खरोखर पुढे सरकते ना हे तपासा. केटाइम अडकले तर वाट पाहणारा लूप संपतच नाही. त्याने उडी मारली तर लूप लगेच हार मानतो. एक सावधगिरी घ्या: छापण्यालाही वेळ लागतो. प्रत्येक ओळ दुसऱ्या कॉम्पोनंटकडे जाते, आणि फार छापले की वेळेचे दोष जागा बदलतात किंवा गायब होतात. अशा वेळी जेनोडची ट्रेस सेवा वापरा. ती घटना सामायिक मेमरीच्या बफरमध्ये टाकते आणि ड्रायव्हरला फारसे अडवत नाही.

दुसरी संशयित जागा म्हणजे डमी फंक्शने. लिनक्सच्या निवडक सी फाइली सोर्स-लिस्टमध्ये घातल्या की लिंकर शेकड्यांनी न सापडलेली नावे दाखवतो. टूल फोल्डरातल्या डीडीई_लिनक्सखाली क्रिएट_डमीज ही स्क्रिप्ट आहे. तिची ‘शो’ आज्ञा उरलेली नावे दाखवते आणि ‘जनरेट’ आज्ञा त्यांच्यासाठी रिकामी फंक्शने लिहिलेली जनरेटेड_डमीज फाइल तयार करते. यातले प्रत्येक फंक्शन बोलावले गेले की स्वतःचे नाव छापून कॉम्पोनंट जागीच थांबवते. ही सोय मोलाची आहे: काय कमी आहे ते ड्रायव्हर स्वतःच सांगतो. चूक पुढच्या पायरीवर होते. घाईत माणूस ते फंक्शन उचलतो, ‘थांब’ काढून ‘शून्य परत कर’ लिहितो आणि पुढे जातो. शून्य म्हणजे काही ठिकाणी यश, काही ठिकाणी नल पॉइंटर, काही ठिकाणी ‘वेळ संपली’. वेट-इव्हेंट-टाइमआउटच्या घराण्यात शून्याचा अर्थ टाइमआउट हाच आहे. म्हणून हाताने लिहिलेल्या प्रत्येक डमीसाठी, तिला बोलावणारी लिनक्समधली ओळ उघडून परतीच्या मूल्याचा अर्थ वाचा. शंका असेल तिथे थांबणारी डमीच राहू द्या.

इनिटकॉलचा (उपप्रणाली जागी करणाऱ्या फंक्शनांचा) क्रमही असाच. लिनक्समध्ये उपप्रणाल्या ठरलेल्या क्रमाने जाग्या होतात आणि तो क्रम लिंकरच्या हाती असतो. जेनोडमध्ये तो बिल्ड केलेल्या कर्नलमधून एक्स्ट्रॅक्ट_इनिटकॉल_ऑर्डर या स्क्रिप्टने काढून हेडर फाइलमध्ये ठेवतात. लिनक्सची आवृत्ती बदलली आणि हे हेडर जुनेच राहिले, तर एखादी उपप्रणाली उशिरा जागी होते किंवा होतच नाही, आणि लक्षण भलतीकडेच दिसते.

ग्लू कोड (दोन्ही बाजू जोडणारा) लिहिताना एक शिस्त पाळा: लिनक्सची हेडर घेणाऱ्या सी फाइली आणि जेनोडची हेडर घेणाऱ्या सी++ फाइली कधीही एकत्र आणू नका. मधले हेडर साध्या सी प्रकारांचेच ठेवा. दोन्हीकडे एकाच नावाचे वेगवेगळे प्रकार आहेत. ते आदळले तर बरे, कारण कंपायलर ओरडतो. गुपचूप जुळले तर स्ट्रक्चरचा आकार चुकतो आणि मेमरी खराब होते.

डिस्प्लेविषयी आणखी तीन गोष्टी तपासा. एक, व्हीबीटी. पॅनेल कोणत्या पोर्टवर आहे, कोणती ऑक्स वाहिनी कोणाची, ही माहिती फर्मवेअर व्हिडिओ बायोस टेबलमध्ये ठेवते आणि आय915 ती ऑपरीजन या फर्मवेअरने राखलेल्या मेमरीतून उचलतो. ड्रायव्हरला तो मेमरीचा तुकडा मिळालाच नाही, तर तो ठोकळ अंदाजाने चालतो आणि एखादे पोर्ट चुकीच्या वाहिनीशी जोडतो. चांगल्या लॉगमध्ये व्हीबीटी सापडल्याची ओळ असते. ती जेनोडच्या लॉगमध्ये आहे का ते आधी पाहा. याउलट डीएमसी फर्मवेअर नसल्याची तक्रार दिसली तर घाबरू नका. त्याने वीज वाचवणाऱ्या खोल अवस्था बंद राहतात, चित्र अडत नाही.

दोन, मेमरीचा कोटा. जेनोडमध्ये प्रत्येक कॉम्पोनंटला सुरू होतानाच ठरावीक रॅम मिळते. 1920×1080 च्या एका चित्राला 82,94,400 बाइट लागतात, 3840×2160 ला 3,31,77,600. लॅपटॉपचे पॅनेल आणि 4के मॉनिटर दोन्ही लावले, तर जुन्या कोट्यात ते मावेलच असे नाही. कोटा संपला की कॉम्पोनंट कोसळत नाही. तो पालकाकडे आणखी रॅम मागतो आणि मिळेपर्यंत मुकाट थांबतो. बाहेरून हे हुबेहूब हँगसारखे दिसते. म्हणून चित्र गोठले की ड्रायव्हरच्या आत शिरण्याआधी स्टेट रिपोर्टमध्ये रॅमची मागणी अडून बसली आहे का ते पाहा.

तीन, पिक्सेलची वाहतूक. जेनोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर हा सर्व्हर नाही, निटपिकर या जीयूआय सर्व्हरचा क्लायंट आहे. तो कॅप्चर सेशन (चित्र उचलण्याची जोडणी) उघडतो आणि बदललेले आयत तेवढे उचलून फ्रेमबफरमध्ये (पडद्यावरच्या चित्राच्या मेमरीत) टाकतो. सेकंदाला 60 वेळा पूर्ण 4के चित्र ओढले, तर सुमारे 2 जीबी प्रतिसेकंद एवढी कॉपी होते. खिडक्या ओढताना पडदा अडखळत असेल, तर आधी फ्रेमबफर राइट-कम्बाइन्ड (लेखने एकत्र करून पाठवणाऱ्या) पद्धतीने मॅप झाला आहे ना ते तपासा. अनकॅश्ड मॅपिंगमध्ये प्रत्येक लहान लेखन स्वतंत्रपणे बसवर जाते आणि कॉपी कितीतरी पटीने मंदावते. मग उचललेले आयत मोजा. कर्सर हलला म्हणून पूर्ण पडदा कॉपी होत असेल, तर दोष आयत एकत्र करण्यात आहे. आणि जीपीयूची जाणीव ठेवा. 3डी चा ड्रायव्हर वेगळा कॉम्पोनंट आहे, डिव्हाइस मात्र एकच. त्यामुळे जीपीयू ड्रायव्हर डिस्प्ले ड्रायव्हरला डिव्हाइसचा फक्त त्याच्या वाट्याचा भाग देतो. न दिलेल्या पत्त्यावर लिहिल्याची तक्रार लॉगमध्ये आली, तर आय915 चा तो भाग बोलावलाच का गेला हे शोधा. वाटणीची भिंत पाडू नका.

आता वायफाय. त्याची गुंतागुंत वेगळ्या जातीची आहे, कारण एकाच कॉम्पोनंटमध्ये दोन जगे नांदतात. एकीकडे आयडब्ल्यूएलवायफाय, मॅक80211 आणि सीएफजी80211 (लिनक्सचे सामाईक वायफाय थर) हा कर्नलचा भाग, दुसरीकडे डब्ल्यूपीए सप्लिकंट हा जोडणी आणि पासवर्ड सांभाळणारा एरवीचा यूजर प्रोग्राम, स्वतःच्या थ्रेडमध्ये. दोघे नेटलिंक सॉकेटवरच्या संदेशांनी बोलतात आणि ते सॉकेटही आभासीच आहेत. जोडणी अधूनमधून तुटते म्हणता, तेव्हा पहिला प्रश्न हाच: तोडले कोणी? सप्लिकंटने सोडले, अ‍ॅक्सेस पॉइंटने काढून टाकले, की फर्मवेअर पडले? व्हर्बोज (सविस्तर लॉग) चालू करून डिसकनेक्टचा रीझन कोड (कारणाचा क्रमांक) आणि तो स्थानिक आहे की समोरून आला, एवढे दोनच तपशील आधी मिळवा.

तुटणे ठरावीक कालांतराने होत असेल, तर पार्श्वभूमीवरच्या स्कॅनवर नजर ठेवा. सप्लिकंटच्या बीजीस्कॅनची ‘सिंपल, 30, उणे 70, 600’ अशी मांडणी असते. सिग्नल उणे 70 डीबीएमपेक्षा कमजोर असेल तर दर 30 सेकंदांनी स्कॅन, नाहीतर 600 सेकंदांनी. तुमचा राउटर भिंतीपलीकडे असेल आणि सिग्नल उणे 70 च्या आसपास लोंबकळत असेल, तर रेडिओ सतत दुसऱ्या चॅनलवर जाऊन येतो आणि एकाच नावाचे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर त्यांच्यात उड्या मारतो. साध्या लिनक्सवर हे फार जाणवत नाही. जेनोडवर जाणवते, कारण इथे लिंक चालू आहे की नाही हे अपलिंक सेशन (ड्रायव्हरने नेटवर्कच्या कॉम्पोनंटकडे उघडलेली जोडणी) असण्या-नसण्यावरून ठरते. लिंक क्षणभर गेली की सेशन बंद होते, एनआयसी राउटर (जेनोडमधला नेटवर्क वाटणारा कॉम्पोनंट) त्या डोमेनचा (जाळ्याचा) डीएचसीपीने मिळालेला पत्ता टाकून देतो आणि वरच्या सगळ्या टीसीपी जोडण्या लोंबकळतात. क्षणाचा धक्का वापरणाऱ्याला अर्ध्या मिनिटाचा वाटतो. वायफायच्या कॉन्फिगमध्ये बीजीस्कॅन रिकामे ठेवून एक दिवस चालवा. तुटणे थांबले तर कारण सापडले.

फर्मवेअरच्या फाइली नावानिशी तपासा. आयडब्ल्यूएलवायफाय आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या एपीआय (फर्मवेअर-आवृत्तीच्या) क्रमांकापासून एकेक उतरत फाइल मागतो, त्यामुळे लॉगमधल्या पहिल्या काही ‘सापडली नाही’ ओळी निरुपद्रवी असतात. शेवटी कोणती सापडली ते महत्त्वाचे. एएक्स210 सारख्या कार्डांना मुख्य फाइलसोबत पीएनव्हीएम (प्लॅटफॉर्मच्या सेटिंगची) फाइलही लागते. ती राहिली की कार्ड ओळखले जाते पण उभे राहत नाही. 5 गिगाहर्ट्झचे चॅनल गायब असतील, तर रेग्युलेटरी डेटाबेस (देशोदेशीच्या रेडिओ नियमांची यादी) पोचला का ते पाहा. तो नसेल तर ड्रायव्हर ‘00’ या जागतिक नियमावर राहतो आणि बहुतेक 5 गिगाहर्ट्झ चॅनलवर फक्त ऐकतो, स्वतःहून हाक मारत नाही. भारतात 2018 पासून 5150 ते 5350, 5470 ते 5725 आणि 5725 ते 5875 मेगाहर्ट्झ हे पट्टे परवान्याशिवाय खुले आहेत, म्हणजे मोकळीक आहे. पण इंटेलच्या अनेक कार्डांत देशाचा निर्णय फर्मवेअर आजूबाजूचे अ‍ॅक्सेस पॉइंट ऐकून घेते. तिथे वरून देश लादण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे.

‘पासवर्ड स्वीकारला जातो पण डेटा जात नाही’ हे लक्षण दिसले, तर क्रिप्टोकडे जा. चार टप्प्यांचा हँडशेक झाल्यावर मॅक80211 किल्ली बसवताना कर्नलच्या क्रिप्टो थराकडे सीसीएम आणि एईएस (डेटा कूटबद्ध करण्याच्या पद्धती) मागतो. तो अल्गोरिदम सोर्स-लिस्टमध्ये आहे पण त्याचा इनिटकॉल चाललेला नाही, असे झाले की नाव नोंदलेलेच नसते आणि मागणी फसते. डब्ल्यूपीए3 साठी व्यवस्थापन फ्रेमच्या रक्षणाला सीमॅक हा खरेपणा तपासणारा अल्गोरिदमही लागतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: गेट-रँडम-बाइट्सची (यादृच्छिक आकडे देणाऱ्या फंक्शनची) डमी कधीही ठरीव आकडा देणारी लिहू नका, तात्पुरतीसुद्धा नाही. जोडणी अगदी सुरळीत होते, म्हणून ती तशीच विसरली जाते, आणि किल्ल्यांची सगळी सुरक्षितता गेलेली असते. जिटर-एन्ट्रॉपीवर (सीपीयूच्या वेळेतल्या सूक्ष्म चढउतारांवर) आधारलेला स्रोत जेनोडमध्ये तयार आहे, तोच जोडा.

या रचनेचा सर्वांत मोठा लाभ मात्र दुरुस्तीच्या कामातच होतो: ड्रायव्हर मारून पुन्हा सुरू करता येतो. डिस्प्ले ड्रायव्हर मेला तरी निटपिकर आणि सगळ्या खिडक्या जिवंत राहतात. नवा ड्रायव्हर येऊन कॅप्चर सेशन उघडतो आणि चित्र परत येते. तुम्ही बदललेली बायनरी टाका, रीस्टार्ट करा, बघा; मशीन रीबूट करायची गरज नाही. स्कल्प्टचे सस्पेंड-रिझ्यूमही याच गुणावर उभे आहे: झोपण्याआधी ड्रायव्हर काढून टाकायचे, उठल्यावर नव्याने सुरू करायचे. त्यामुळे रीस्टार्ट नीट होतो की नाही हाच ड्रायव्हरचा खरा कस. कोल्ड बूटनंतर चालणारा ड्रायव्हर दुसऱ्यांदा अडखळतो, कारण डिव्हाइसमध्ये मागच्या जन्माची अवस्था शिल्लक असते: चालू राहिलेले डीएमए (डिव्हाइसचा मेमरीशी थेट व्यवहार), न पुसलेला इंटरप्ट, अर्धवट चढलेले फर्मवेअर. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरमधले आयओएमएमयूचे (डिव्हाइसला दिलेल्या मेमरीबाहेर जाऊ न देणाऱ्या हार्डवेअरचे) संरक्षण चालू ठेवूनच चाचणी करा. जुन्या बफरवर कार्डाने लिहायचा प्रयत्न केला, तर दुसऱ्याची मेमरी बिघडण्याऐवजी लॉगमध्ये पत्त्यासकट फॉल्ट येतो, आणि तो पत्ता कोणत्या बफरचा हे शोधणे सोपे असते.

दुरुस्ती झाली असे वाटले की दोन्ही ड्रायव्हर किमान 50 वेळा रीस्टार्ट करा, मॉनिटर चालू असताना केबल 20 वेळा काढून लावा, वायफायवर मोठी फाइल उतरवताना राउटर बंद-चालू करा. प्रत्येक फेरीनंतर कॉम्पोनंटने वापरलेली रॅम लिहून ठेवा. केबलच्या प्रत्येक फेरीला वापर थोडा थोडा वाढत असेल, तर फ्रेमबफर किंवा ईडीआयडीचा बफर सुटत नाही आणि विसाव्या नाही तर दोनशेव्या वेळी कोटा संपेल. हा तक्ता पॅचसोबत पाठवा. पॅचमध्ये डीडीईचा बदल, डमीचा बदल आणि लिनक्सच्या कोडमधला, टळलाच नाही असा बदल, या तिघांचे वेगवेगळे कमिट ठेवा. तिसऱ्या प्रकारच्या कमिटमध्ये तो का टळला नाही हे दोन ओळींत लिहा, म्हणजे पुढच्या लिनक्स आवृत्तीवर जाणाऱ्याला तो ठेवायचा की टाकायचा हे ठरवता येईल.